गणित, गॅजेट आणि शेवटचा बाक

स्मार्ट बोर्ड आले, टॅब आले, रॉकेट उडवणारे अॅनिमेशनचे व्हिडिओ आले. तरी सहावी-सातवीतली मुलं म्हणतातच, ‘गणित? नको रे बाबा!’ मग वर्गातल्या तंत्रज्ञानाचा नेमका उपयोग काय? सातवीच्या एका वर्गात चक्क शेवटच्या बाकावर बसून केलेली ही चौकशी.

शनिवारची रात्र. डेक्कनवरचं आमचं नेहमीचं हॉटेल. आम्ही सहाजण : दोन सॉफ्टवेअरवाले, एक बँकेतली, एक एचआरवाला, एक डिझायनर आणि मी. बिल आलं २,३४० रुपये. सहाच्या सहा हात एकदम मोबाइलकडे गेले. कुणाचा कॅल्क्युलेटर उघडायच्या आत बिल घेऊन आलेले काका शांतपणे म्हणाले, “प्रत्येकी तीनशे नव्वद.”

आम्ही हसलो. पण खरं सांगा, तुमच्या ग्रुपमध्ये वेगळं काही होतं का? इन्क्रिमेंटचा टक्का, गाडीचा ईएमआय, टीडीएस कापून हातात किती... आपण सगळेच हे मोबाइलला विचारतो. आणि वर अभिमानाने सांगतो, “आपलं ना, मॅथ्स कच्चं आहे.” ‘मला वाचता येत नाही’ असं कुणी हसत हसत सांगताना ऐकलंय कधी?

माझं गणित कच्चं झालं त्याचा दिवससुद्धा मला आठवतो. सातवी. फळ्यावर ऋण संख्यांचा गुणाकार. वजा गुणिले वजा अधिक कसं काय, असं मी विचारलं. सर म्हणाले, “नियम आहे. पाठ कर.” मी पुन्हा म्हटलं, “पण का?” वर्ग हसला. सरही हसले. झालं! त्यानंतर गणिताच्या तासाला माझा हात कधी वर गेला नाही. दहावीला कशीबशी सुटले आणि गणितापासून जे पळत सुटले, ती थेट मास कॉमलाच जाऊन थांबले.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे माझी भाची. तीही सातवीत आहे.

कपाटातला टॅब

दिवाळीत ताईकडे गेले होते. भाची सुट्टीचा अभ्यास घेऊन बसलेली. मी सहज डोकावले, तर वही झाकून म्हणाली, “मावशी, मला गणित येतच नाही.” तेच वाक्य, तोच सूर. मला चर्रर्र झालं.

ताई म्हणाली, “अगं, एवढा टॅब घेऊन दिला तिला!” टॅबची गोष्ट अशी, की एका कंपनीचा माणूस घरी आला. त्याने पोरीची आई-बाबांसमोर ‘फ्री टेस्ट’ घेतली, दहापैकी सहा प्रश्न चुकवून दाखवले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “आत्ता लक्ष दिलं नाहीत, तर आठवीत फार उशीर होईल.” भावजींनी त्याच संध्याकाळी हप्ते बांधून घेतले. तीन आठवडे टॅब जोरात चालला. आता तो कपाटात साड्यांखाली आहे. हप्ते मात्र चालूच!

मी तो काढून बघितला. व्हिडिओ सॉलिड होते, अगदी सिनेमासारखे. अपूर्णांकाचा पिझ्झा हवेत फिरत होता. मग भाची का कंटाळली? तिचं उत्तर साधं होतं : “व्हिडिओ बघताना सगळं समजतं गं. नंतर गणित सोडवायला घेतलं की काहीच येत नाही. आणि त्याला परत विचारता येत नाही.”

एवढ्या पैशांच्या टॅबचा एवढा नेमका रिव्ह्यू मी कुठे वाचलेला नाही. आणि तिथेच हा लेख डोक्यात शिरला.

सातवी ब, ४८ मुलं, एक फोन

पुण्याच्या उपनगरातली एक साधी अनुदानित शाळा. मराठी माध्यम. बाईंची अट एकच, “माझं नाव नको, शाळेचं नको. मुलांचं तर नकोच.” मान्य! वर्गात ४८ मुलं, भिंतीवर एक प्रोजेक्टर, बाईंचा जुना लॅपटॉप, बाईंचा फोन आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कार्डांचा गठ्ठा. बस्स. माझी जागा शेवटच्या बाकावर, दोन वेण्यांच्या एका गप्प मुलीशेजारी.

कार्डांचा फंडा मस्त आहे. ‘प्लिकर्स’ नावाचं अॅप आहे. प्रत्येक मुलाला नंबर असलेलं एक कार्ड. त्यावर क्यूआर कोडसारखी दिसणारी काळी चौकोनी आकृती. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. बाई फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवतात आणि कुणी काय उत्तर दिलं ते त्यांच्या स्क्रीनवर येतं. मुलांकडे फोन नको, टॅब नको. आणि खरी गंमत म्हणजे प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असते. त्यामुळे शेजारच्याचं बघून आपलं कार्ड वळवायची सोयच नाही.

पडद्यावर प्रश्न आला : मोठी संख्या कोणती? ०.३५ की ०.४?

तुम्ही म्हणाल, हे काय सातवीचं गणित? बाई मला नंतर म्हणाल्या, “अहो, हे आधीच्या इयत्तेतलं राहिलेलं. पण हे सोडून पुढे गेले, तर पुढचं सगळं वाळूवरच बांधायचं.”

अठ्ठेचाळीस कार्डं वर गेली. फोन फिरला. पडद्यावर फक्त दोन उभे पट्टे आले, नाव कुणाचंच नाही. अर्ध्याहून जास्त वर्गाचं मत होतं, ०.३५ मोठी. कारण ३५ मोठे, ४ छोटे! ही चूक जगभरातली मुलं करतात. आपल्याकडे त्यात भर पडते ती बोलण्याच्या सवयीची. आपण ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हणतो, आणि कानाला ‘पस्तीस’ ‘चार’पेक्षा मोठाच लागतो. खरं तर म्हणायचं ‘शून्य पॉइंट तीन पाच’.

बाईंनी बरोबर उत्तर सांगितलंच नाही. म्हणाल्या, “शेजारच्याशी दोन मिनिटं भांडा. पटवून द्या.” आणि वर्गात मासळी बाजार सुरू झाला. (ही युक्ती नवी नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात कॉलेजच्या वर्गात तिला पद्धतीचं रूप दिलं : आधी मत द्या, मग शेजाऱ्याशी वाद घाला, मग पुन्हा मत द्या.)

दोन मिनिटांनी बाई म्हणाल्या, “आज मला मागच्या बाकावरून ऐकायचंय.” माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली. खाली बघत, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “बाई, काट्यावर बघा ना. पॉइंट चार शून्य शून्य म्हणजे चारशे ग्रॅम. पॉइंट तीन पाच शून्य म्हणजे साडेतीनशे. चारशे जास्त.”

तिच्या आईची भाजीची गाडी आहे. संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर हीच बसते.

वर्ग एकदम गप्प. मग पुढच्या बाकावरून एक लांबलचक “हां...!” आलं. कार्डं पुन्हा वर गेली आणि पडद्यावरचा दुसरा पट्टा सरसरून वाढला.

तास संपल्यावर बाईंनी फोन दाखवला. पहिल्या फेरीतच बरोबर उत्तर देणाऱ्यांत ती मुलगी होती. “जूनपासून हिने एकदाही हात वर केला नव्हता,” बाई म्हणाल्या. “मी हिला कच्च्यांत धरत होते. हे कार्ड नसतं, तर मार्चपर्यंत तसंच धरलं असतं.”

माझ्या घशात आवंढा आला, हे लपवत नाही. माझ्या सातवीत असं कार्ड असतं तर?

१८०.०१!

दुसऱ्या तासाला ‘जिओजिब्रा’. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१च्या सुमाराला हे सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. आज ते जगभरातल्या शाळांत वापरलं जातं आणि वर्गासाठी फुकट आहे. पडद्यावर त्रिकोण काढायचा, शिरोबिंदू माऊसने धरून ओढायचा. कोन बदलत जातात, आकडे पळत राहतात. बेरीज मात्र हलत नाही : १८०.

एकेक मूल पुढे येऊन त्रिकोण ओढून बघत होतं. कुणी तो सुईसारखा बारीक केला, कुणी इतका चपटा की जवळजवळ रेघच. तेवढ्यात वहीत बेरीज करत बसलेला एक पोरगा ओरडला, “बाई, चूक! १८०.०१ आलं!”

सगळ्यांनी आकडे लिहून घेतले : ६१.३३, ४७.३४, ७१.३४. करा बेरीज. खरंच १८०.०१! वर्गात जल्लोष. कॉम्प्युटरला पकडला म्हटल्यावर काय हवं?

बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, “ते सोड रे, पुढे बघ.” बाईंनी सेटिंगमध्ये जाऊन दशांश स्थळं वाढवली. ६१.३३ च्या जागी ६१.३२६७ दिसलं, ४७.३४ च्या जागी ४७.३३६६ आणि ७१.३४ च्या जागी ७१.३३६७. पोरांनी पुन्हा बेरीज केली. बरोब्बर १८०. कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता, दोनच दशांश दाखवायला सांगितल्यामुळे तो आकडे ‘राउंड’ करत होता. पहिल्या तासातला दशांश चिन्हाचा धडा दुसऱ्या तासाला दुसऱ्या दाराने आत आला, आणि या वेळी मुलंच त्याला घेऊन आली.

मग आणखी भारी प्रश्न आला. खिडकीशी बसलेली एक मुलगी म्हणाली, “पण बाई, कॉम्प्युटरने बेरीज १८०च दाखवायची असं आधीच ठरवून ठेवलं असेल तर?”

बाईंनी लॅपटॉप बंद केला. प्रत्येकाने कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकाला टोक लावून शेजारी-शेजारी ठेवायचे. तीन कोपऱ्यांची मिळून सरळ रेघ! मग फळ्यावर खडूने समांतर रेषा काढून ‘का’ ते सांगितलं. स्क्रीन, कागद, खडू. क्रम लक्षात घ्या. स्क्रीनने प्रश्न पाडला, कागदाने विश्वास दिला आणि कारण शेवटी खडूनेच सांगितलं.

“माझ्या प्रत्येक तासाचा ‘लाइट गेली तर’ प्लॅन असतो,” बाई हसत म्हणाल्या. “आणि लाइट जातेच हो!”

दिल्लीतली लॉटरी

एका वर्गावरून फार मोठं बोलू नये, हे मास कॉममध्ये शिकवलेलं मला आठवतं. म्हणून घरी येऊन जरा शोधाशोध केली.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ नावाच्या सॉफ्टवेअरची अशीच परीक्षा झाली होती. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या तीन अभ्यासकांनी सरकारी शाळांतली सहावी ते नववीची सुमारे ६०० मुलं घेतली आणि चक्क लॉटरी काढली. नंबर लागेल त्याला शाळा सुटल्यावर केंद्रात मोफत प्रवेश. तिथे रोज दीड तास : अर्धा वेळ कॉम्प्युटरवर, अर्धा वेळ ताई-दादांसोबत छोट्या गटात. अभ्यास छापून आला २०१९ मध्ये.

सुरुवातीच्या चाचणीतच धक्का बसला. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, नववीतलं साडेचार! म्हणजे पुस्तक पुढे चाललेलं आणि मूल कुठल्या तरी जुन्या पानावर थांबलेलं. सॉफ्टवेअरने एकच शहाणपणा केला. ‘तू कितवीत आहेस’ हे न विचारता ‘तुला कुठपर्यंत येतं’ हे तपासलं आणि तिथून सुरुवात केली. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी प्रगती दिसली. आपल्या भाषेत सांगायचं तर शंभरात बरोबर मधे असलेलं मूल साधारण चौदा जणांना मागे टाकून पुढे गेलं. राव, साडेचार महिन्यांत!

पण थांबा, लगेच टॅब ऑर्डर करू नका. गुजरातमध्ये ‘ज्ञानशाळा’ संस्थेच्या लहान मुलांवर ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये अभ्यास मांडला. कॉम्प्युटर दोन्हीकडे तोच. एका गटाला तो शाळेच्या वेळात, नेहमीच्या शिकवण्याचा वेळ काढून दिला, दुसऱ्या गटाला शाळेबाहेरच्या वेळात, वरून जादा. जादा मिळालेल्यांतली मागे पडलेली मुलं पुढे सरकली. पहिल्या गटातली मुलं मात्र कॉम्प्युटर नसता तर जेवढं शिकली असती, त्यापेक्षा कमी शिकली.

म्हणजे प्रश्न मशीन आणायचं की नाही, हा नाहीच. ते बाईंच्या खुर्चीत बसवायचं की बाईंच्या टेबलावर ठेवायचं, हा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलर्सचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला, तेव्हा सगळीकडे पुस्तकांतल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. पण पुरस्काराच्या नावातच बघा. तो ‘टीचर’साठी आहे, कोडसाठी नाही.

मी बाईंना विचारलं, “मग या सगळ्याने गणित सोपं होतं का?” त्या म्हणाल्या, “सोपं नाही होत. पण चुकायला सोपं होतं. पोरगं चुकतं, कुणी हसत नाही आणि मला त्याच मिनिटाला कळतं. पूर्वी ते सहामाहीला पेपर तपासताना कळायचं.”

वजा गुणिले वजा

गेल्या रविवारी पुन्हा ताईकडे गेले. साड्यांखालून टॅब काढला, चार्ज केला आणि त्यावर जिओजिब्रा टाकलं. भाचीने बाजूला बसून विचारलं, “मावशी, तू शिकवणार?” मी म्हटलं, “नाही. मला एक गोष्ट सातवीपासून कळलेली नाही, ती तू शोधून दे. वजा गुणिले वजा अधिक का?”

तिचे डोळे मोठे झाले. “तुला येत नाही?”

“नाही.”

आम्ही वहीत लिहिलं :

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

मग तेच टॅबवर काढलं. वाय बरोबर वजा दोन एक्स. उजवीकडे खाली असलेली रेघ सरळ शून्यातून वर चढत डावीकडे गेली. भाची बोटाने रेघ धरून मागे मागे गेली. वजा एकपाशी थांबली. मग वहीकडे बघितलं.

“मावशी, प्रत्येक ओळीत उत्तर दोनने वाढतंय. वजा सहा, वजा चार, वजा दोन, शून्य... मग पुढे अधिक दोनच येणार ना! नाहीतर रेघ मधेच मोडेल.”

रेघ मधेच मोडेल! एवढंच उत्तर हवं होतं मला, त्या दिवशी फळ्यासमोर.

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, “काय झालं गं, एवढं ओरडायला?” भाची म्हणाली, “काही नाही. मावशीला गणित आलं!”

तुमच्या घरात कुणी सहावी-सातवीत आहे?

• महागडा कोर्स घ्यायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : यात मूल जास्त वेळ बघत बसणार आहे की स्वतः काही करणार आहे? नुसतं बघायचं असेल, तर घाई नको.

• कुणी आई-बाबांसमोर मुलाची ‘टेस्ट’ घेऊन घाबरवत असेल, तर चहा पाजा आणि निरोप द्या. सही मात्र त्या दिवशी नको.

• ‘उत्तर काय आलं?’ऐवजी ‘कसं आणलंस?’ विचारा. उत्तर बरोबर असेल तेव्हासुद्धा.

• जिओजिब्रा मोबाइलवरही चालतं. आठवड्यातून अर्धा तास, दोघांनी मिळून. आकृती ओढायचं काम मात्र मुलाचं.

• दशांश चिन्हासाठी सगळ्यात भारी गॅजेट तुमच्या भाजीवाल्या मावशींकडे आहे. पिशवी काट्यावर ठेवली, की आकडा मुलाला वाचू द्या.

• आणि ‘माझंही मॅथ्स कच्चंच होतं’ हे वाक्य मुलांसमोर बंद! त्याऐवजी म्हणा, ‘मला माहीत नाही, चल, बघूया.’